सांभाळूनचाचांच्या अकरा वेली

चाचा घाबरट होते. हे मी त्यांच्या मागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावरही बोलायचे. ते मान डोलवून म्हणायचे, "हाव म्याडम, लई घाबरट हाय मी. म्हणून तर अजून जित्ता हाय." त्यांचं कुठलंही वाक्य 'सांभाळून'नं सुरू व्हायचं. सांभाळून, पायरी हाय. सांभाळून, चहा गरम हाय. आमच्या वनस्पती उद्यानात येणाऱ्या बायकापोरांनी त्यांचं नावच सांभाळूनचाचा पाडलं होतं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते कुणी वापरत नसे.

उद्यान नांदेडच्या कडेला, एका महाविद्यालयाच्या मागच्या जमिनीवर आहे. तिथल्या रविवारच्या कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे आहे. बियांची ओळख, कलम बांधणं, कुंडीतली भाजी, पावसाळ्यात रानभाज्यांची फेरी, असं काहीबाही आम्ही लोकांसाठी करतो. मी तिथे रुजू झाले तेव्हा चाचांना तिथे वीस वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी एका वाफ्यात मी वाकून एक पान चुरगळायला गेले, तर त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारला. नवीन म्याडमच्या मनगटावर. मग स्वतःच दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "माफ करा. पण पहिलं भ्या, मंग बघा."

तो वाफा विषारी झाडांचा होता. धोतरा, कण्हेर, गुंज, मोगली एरंड आणि कळलावी. चाचा अत्तारांच्या घरातले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जडीबुटीचं दुकान चालवणारे. कुटुंब मूळचं शिरूर अनंतपाळचं, पुढे नांदेडला येऊन देगलूर नाक्यावर राहिलेलं. झाडाचा गुण त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळायचा, पण गुणाबद्दल ते बोलत नसत. शाळेची पोरं आली की चाचा वाफ्यापाशी उभे राहून ओरडायचे, "हात पाठीमागं!" सगळ्यांनी हात पाठीमागे बांधल्याशिवाय ते पुढचा शब्द काढत नसत. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी तसंच उभं केलं. साहेबांनी हसत हसत हात मागे घेतले. चाचा हसले नाहीत. "बोटं गुंतवा साहेब," म्हणाले. हळूहळू पोरांमध्ये अशा झाडांना नावच पडलं, 'पाठीमागचं झाड'.

कळलावीच्या अकरा वेली होत्या. भादव्यात त्यांना लाल-पिवळी, जाळ पेटल्यासारखी फुलं येतात, तेव्हा ती कुणीही ओळखतं. पण आषाढात त्या कोंबात असतात. गुडघ्याएवढ्या, हिरव्यागार, मऊ, खाव्याशा वाटणाऱ्या. ओळखायची खूण एकच, पानाचं टोक शेपटीसारखं आत वळतं. "शेपटीवालं पान, न्हाई त्याला इमान," असं चाचा पोरांकडून घोकून घ्यायचे. कंद सगळ्यात जहरी, पण कोंबही सोडत नाही. आणि लगेच काही होत नाही, हे त्याचं सगळ्यात वाईट. माणूस जेवतो, हात धुतो, वामकुक्षी घेतो, आणि मग सुरू होतं.

प्रत्येक वेलीला बांबूची काठी रोवलेली होती. चाचा सकाळी आल्यावर आणि लोक गेल्यावर आपल्या छडीनं त्या काठ्यांवर टक टक करत जायचे. अकरा टक टक. पुढे त्यांची नजर कमी झाली तेव्हा ते काठीखाली हात घालून कोंब चाचपायचे. मी विचारलं, "चाचा, वेली काय रातोरात पळून जाणार आहेत?" ते म्हणाले, "पळाल्या तर बरं. कुणी नेल्या तर?"

त्यांची दुसरी सवय चादरीची. रानभाजीच्या फेरीत बायका घोळ, तांदूळजा, तरोटा, कुर्डू असं खुडून पिशव्या भरायच्या. फाटकापाशी चाचा एक जुनी फुलाफुलांची चादर अंथरून बसलेले असायचे. "वता." प्रत्येकीनं आपली पिशवी तिथे ओतायची, चाचा एकेक काडी उलटून बघणार, मग परत भरून देणार. यात तास जायचा. बायका कुरकुरायच्या. एक म्हणाली, "चाचा, आमच्या घरीबी इतकं कुणी निवडत न्हाई." चाचा म्हणाले, "घरी तुमची मर्जी. फाटकाच्या आत माझी."

आता माझं सांगते. मला हे पटत नव्हतं. लोकांनी झाडांकडे आनंदानं यावं म्हणून आम्ही कार्यक्रम घेतो आणि हा माणूस येणाऱ्याला आधी घाबरवून सोडतो. एका आईनं तक्रार केली की तिची मुलगी उद्यानातून गेल्यापासून कोथिंबिरीलासुद्धा हात लावत नाही. मी चाचांना बोलावून सांगितलं, जरा छान छान बोला. पुढच्या रविवारी त्यांनी प्रयत्न केला. गुलाबापाशी उभे राहिले, घसा खाकरला, म्हणाले, "हा गुलाब. छान हाय." मग राहवलं नाही. "काटे हायेत."

त्या वर्षीच्या आषाढात आमच्याकडे रानभाजी दिवस ठरला. पाककृतींची स्पर्धा, बक्षिसं, बाहेरगावचे पाहुणे. विषारी वाफ्याभोवती चाचांनी दोरी बांधून तिला लाल चिंध्या लटकवल्या होत्या. फोटोत ते काहीतरी जादूटोण्यासारखं दिसत होतं. शनिवारी मी ती दोरी काढायला लावली. रविवारी फेरी लांबली, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, बक्षीस समारंभ खोळंबला होता. फाटकापाशी चाचा चादर बगलेत घेऊन उभे. मी जाता जाता म्हटलं, "चाचा, आज चादर नको. वेळ नाही. तुम्ही खुर्च्यांचं बघा."

त्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जी."

कार्यक्रम साडेअकराला छान पार पडला. मी कार्यालयात बसून फोटो निवडत होते. दोनच्या सुमाराला चाचा दारात आले. खुर्च्या, पडदे, सतरंज्या आवरून, दुपारची नमाज पढून मग ते मोजणीला गेले होते. दारातच थांबले. नेहमीसारखं 'सांभाळून' नाही, काही नाही. म्हणाले, "म्याडम, नऊ."

"काय नऊ?"

"वेली. दोन कोंब तोडून नेले. जनावरानं न्हाई. नखानं खुडलेत."

मी उठले आणि परत बसले, हे मला आठवतं. हातातल्या मोबाइलवर त्याच दिवसाचे फोटो होते. एकेक मोठा करून बघत गेले. सतराव्या की अठराव्या फोटोत इस्लापूरच्या वहिनी, आमच्या दर रविवारच्या, हातात जुडी उंच धरून हसत होत्या. तरोट्याच्या पानांमधून एक लांब पान बाहेर आलेलं होतं आणि त्याचं टोक आत वळलेलं होतं.

वहिनींनी फोन लगेच घेतला. "अहो ताई, काय नशीब बघा! आमच्याकडं इस्लापूरच्या जंगलात असे कोंब यायचे, आई मोडून आणायची. तीस वर्सांनी दिसले मला! मी म्हटलं, विचारलं तर चाचा खुडू देणार न्हाईत, म्हणून गपचूप..."

"खाल्लंत का?"

"अजून कुठं? वानवळा देण्यातच दुपार झाली की."

वानवळा. नव्या हंगामाचं पहिलं काही घरात आलं की चार घरी थोडं थोडं पाठवायचं, ही आपल्याकडची किती चांगली रीत. मी स्वतः पाठवते. त्या क्षणी मला तो शब्द ऐकून घाम फुटला. चार हिरव्या भाज्या, त्यात दोन कोंब, आणि सगळं एकत्र कालवून घरोघर वाटलेलं.

"कुणाकुणाला दिलं?"

"शेजारच्या मास्तरीणबाईंना. आणि आमच्या सुनीताला. जावई सकाळी आले होते कामाला, त्यांच्याच हाती दिली पिशवी उमरीला." मग त्यांच्या आवाजातलं हसू गेलं. "ताई, काय झालं हो?"

कुणी काही खाऊ नका, शेजारीही थांबवा, असं सांगून मी चाचांना गाडीत घातलं आणि वहिनींचं नांदेडमधलं घर गाठलं. मला वाटलं होतं, वाटेत हा माणूस मला वेडं करणार. जो चहाला भितो तो आज काय करेल? पण चाचा समोरचा रस्ता बघत बसले. मी चुकीचा गिअर टाकला तेव्हा मला म्हणाले, "गिअर बरोबर टाका. भ्यायचं माझं काम व्हतं, आज तुम्ही करा. मी आता बघून राहिलो ना."

वहिनींच्या ओट्यावर त्यांची जुडी तशीच होती. चाचांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, जुडी त्यावर ओतली, आणि एकेक काडी उलटत गेले. एक कोंब सापडला. अख्खा, नखाच्या खुणेसकट. "धा," ते म्हणाले आणि कोंब खिशातल्या रुमालात बांधला.

शेजारी मास्तरीणबाईंची भाजी शिजून कढईत तयार होती. डाळ घालून, बारीक चिरून. मास्तर बाहेरून यायचे म्हणून जेवणं थांबली होती. चाचांनी कढईतली सगळी भाजी ताटात काढायला लावली आणि बोटांनी चाचपत राहिले. आम्ही तिघी बायका त्यांच्या बोटांकडे बघत उभ्या.

"न्हाई वाटत," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वाटतंय म्हणलो मी. खात्री न्हाई. शिजल्यावर समदं हिरवं एकच दिसतंय. फेकून द्या. कुणी चाखली का?"

मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "मीठ बघायला... चमचाभर."

"काही होतंय का?"

"न्हाई. काहीच न्हाई."

"त्याला काय अर्थ न्हाई," चाचा म्हणाले. मास्तर तेवढ्यात आले, त्यांनी बाईंना तसंच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. मी डॉक्टरांना दाखवायला झाडाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. माझं अक्षर मलाच वाचता येईना, दुसरी चिठ्ठी लिहावी लागली.

उमरीचा फोन वाजत होता, कुणी घेत नव्हतं. जावयाचा बंद. वहिनी मागच्या सीटवर एकसारखा नंबर लावत होत्या आणि प्रत्येक वेळी म्हणत होत्या, "घे गं बाई. घे गं." सुनीताला चार वर्षांची मुलगी आहे, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं. रस्त्याला खड्डे होते, पुढे सोयाबीनच्या फवारणीचे ट्रॅक्टर होते. मी हॉर्नवरून हात काढला नाही. शांतता नको म्हणून चाचांना विचारलं, "तुमच्या दुकानात कधी असं झालं होतं का हो?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "एक बार. वालिदनं, म्हंजी माझ्या बापानं, पुड्या बांधल्या, मी गिऱ्हाइकाला देताना चुकून बदलल्या. शिरूरला. वालिद सायकल घेऊन त्या गावापर्यंत गेले."

"मग?"

"मग काय. पोचले ते. उशिरा पोचले."

वहिनींचं 'घे गं' थांबलं.

सुनीताचं घर एका गल्लीच्या टोकाला. दार उघडं होतं. आतून ताटांचा आवाज येत होता, आणि भाजीचा वास. तो लसणाच्या फोडणीचा वास मी जन्मात विसरणार नाही. वहिनी गाडी थांबायच्या आत उतरल्या आणि पडल्या. मी त्यांना उचलत बसले. चाचा, ज्यांना पायरीची भीती वाटायची, ते दोन पायऱ्या एका ढेंगेत चढून चपलांसकट आत गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "हात पाठीमागं!"

मी आत पोचले तेव्हा सुनीताची सासू, नवरा आणि चिमुरडी लेक, तिघंही पाटावर बसल्या जागी हात पाठीमागे बांधून या अनोळखी म्हाताऱ्याकडे बघत होती. ताटं वाढलेली होती. सुनीता हातात पोळी घेऊन उभी. तिनं आईकडे बघितलं, मग चाचांकडे.

"चाचा?" ती म्हणाली. "तुमीच आलात होय! मी आईला संध्याकाळी फोन करून भांडणार होते. फोन आत चार्जिंगला लावलाय. आई, हे काय पाठवलंस गं? हे तर पाठीमागचं झाड हाय!"

तिनं फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. झाकण लावलेला, वर वरवंटा ठेवलेला. आत एकच कोंब. "शाळेत असताना आमची सहल गेली व्हती तुमच्याकडं. शेपटी बघितली अन् सगळं आठवलं. हात न्हाई लावला मी. सांडशीनं उचललं."

"आमची सून येडी हाय म्हणत व्हते मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात अजून मागेच होते. "चांगली कवळी भाजी सांडशीनं डब्यात कोंडली!"

चाचांनी रुमाल सोडला आणि दोन्ही कोंब जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. "नऊ बागंत. धा. अकरा," ते म्हणाले. मग ताटातली भाजीही त्यांनी तपासली, आणि ऐकून न घेता फेकायला लावली. मग भिंतीला धरून खाली बसले. सुनीतानं पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांना धरवेना. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. एवढा घाबरलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि तो सगळं आटोपल्यावर घाबरला होता.

मास्तरीणबाईंना दवाखान्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलं. काही निघालं नाही. दोन कोंब, दोन्ही सापडले, हे कळूनही ती रात्र मी घड्याळ बघत काढली.

परत येताना वहिनी लेकीकडेच राहिल्या. गाडीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, "चाचा, चूक माझी आहे. दोरी मी काढली, चादर मी नको म्हटलं."

"हाव," ते म्हणाले. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. "तुमची हाय. पण माझी जास्त. म्याडम, उद्यापासून मी येत न्हाई."

मी खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला झाडाची भीती व्हती म्हणून मी तुमच्या कामाचा व्हतो. आज तुम्ही न्हाई म्हणलात, अन् मी चादर बगलंत घेऊन हुबा राहिलो. झाडापेक्षा मी तुम्हाला जास्त भ्यालो. असा माणूस फाटकावर ठेवून काय करता?"

ते खरंच आले नाहीत. मी दोनदा घरी गेले, चहा प्याले, 'सांभाळून, गरम हाय' ऐकलं आणि परत आले. दुसऱ्या वेळी त्यांनी ती चादर धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिली.

दोरी मी स्वतः बांधली. चिंध्याही. पुढच्या आषाढात पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?"

मी चहा पीत होते. म्हटलं, "बघून सांगते."

"बघा. चाचपून."

खुडलेल्या दोन्ही जागी कंदातून पुन्हा कोंब फुटले होते. मी सांगितलं, "अकरा." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर कळलावी जमिनीवर असेपर्यंत दर रविवारी आठला तोच प्रश्न, तेच उत्तर. दोन पावसाळे. तब्येत विचारली तरी म्हणायचे, "ते राहू द्या. किती?" मी पावणेआठलाच जाऊन मोजून ठेवायला लागले. एकदा घाईत एक काठी सुटली आणि दहा भरल्या, तेव्हा मी परत पहिल्या काठीपासून मोजत गेले.

गेल्या आषाढात फोन आला नाही. सव्वाआठला मी लावला. मुलानं घेतला. चाचा उन्हाळ्यातच गेले होते. घरच्यांना वाटलं, मला कुणीतरी कळवलं असेल.

बाहेर फेरीला आलेल्या बायका थांबल्या होत्या. मी फोन पर्समध्ये टाकला, चादर फाटकापाशी ठेवली आणि सगळ्यांना वाफ्यापाशी नेलं. छडी घेऊन काठ्यांवर टक टक करत गेले, प्रत्येक काठीखाली हात घालून कोंब चाचपला. शेवटच्या काठीपाशी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "अकरा."

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "कुणाला सांगताय म्याडम?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "हात पाठीमागे. बोटं गुंतवा."